हद्दीचा दगड आणि पीकेएक्झेक

२५ जानेवारी २०२२ च्या रात्री, आपल्याकडे साडेदहा वाजले असताना, क्वालिस या संगणक सुरक्षेच्या कंपनीने एक निवेदन प्रसिद्ध केले. मी ते राजारामपुरीतल्या घरी अकराच्या सुमारास वाचायला घेतले आणि पहिले पान संपण्याआधीच महाविद्यालयाच्या सर्व्हरवर लॉगिन केले. लिनक्स या संगणक प्रणालीच्या बहुतेक प्रमुख वितरणांत, म्हणजे तयार आवृत्त्यांत, मुळातच बसून येणाऱ्या पीकेएक्झेक या प्रोग्रॅममध्ये अशी चूक सापडली होती की, यंत्रावर साधे खाते असलेली कोणतीही व्यक्ती काही क्षणांत रूट, म्हणजे त्या यंत्राची सर्वाधिकारी, होऊ शकत होती. सुरक्षेच्या चुकांच्या सार्वजनिक यादीत तिचा क्रमांक होता सीव्हीई-२०२१-४०३४, आणि क्वालिसने तिला पॉनकिट असे नाव दिले होते. मे २००९ मध्ये पीकेएक्झेकची पहिली आवृत्ती लिहिली गेली तेव्हापासून ती तिथे होती. त्या बारा वर्षांत मी स्वतः उभारलेल्या प्रत्येक लिनक्स यंत्रावर ती माझ्याच हाताने बसवली गेली होती.

मी कोल्हापूरजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक विभागाचे सर्व्हर सांभाळते. त्या जानेवारीत करोनाच्या तिसऱ्या लाटेमुळे वर्ग ऑनलाइन भरत होते आणि प्रात्यक्षिकांसाठी मुले कागल, गडहिंग्लज, इचलकरंजी, राधानगरी अशा आपापल्या गावांहून एसएसएच या दुरून लॉगिन करण्याच्या सोयीने आमच्या मुख्य सर्व्हरवर येत होती. एका यंत्रावर तीनशेहून अधिक खाती होती, आणि त्यांतील पुष्कळ जणांनी हजेरी क्रमांकावरून दिलेला पहिला पासवर्ड कधी बदललाच नव्हता. त्या रात्री मी विभागप्रमुखांना फोन केला तेव्हा त्यांनी अगदी स्वाभाविक प्रश्न विचारला : "पण मॅडम, त्यासाठी आधी आत यायला लागतं ना?"

हा प्रश्न मी नंतरही अनेकांकडून ऐकला, आणि अधिकारवाढीच्या चुकांकडे दुर्लक्ष होते ते बहुतेक वेळा याच प्रश्नामुळे होते, असे माझे मत आहे. आत यावे लागते हे खरेच आहे. परंतु आमच्या सर्व्हरवर आत असणे हाच तर नियम होता; विद्यार्थ्यांना आत घेण्यासाठीच तो उभा केला होता. तीनशे मुलांपैकी एकाच्याही मनात वाईट नसले, तरी एकाचा पासवर्ड दुसऱ्या कोणाच्या हाती लागणे पुरेसे होते. शिवाय ज्या यंत्रावर मोजकीच खाती असतात तिथेही वेबसाइट चालवणारा प्रोग्रॅम, डेटाबेस, छपाईची सेवा यांची आपापली खाती असतात, आणि त्यांतील एखाद्या सेवेतून कोणी बाहेरचा शिरला की तोही आतलाच होतो. बाहेरच्या दारातून ओसरीपर्यंत येणे आणि ओसरीवरून तिजोरीपर्यंत जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पॉनकिटने दुसरी घटना इतकी सोपी केली होती की पहिलीचे महत्त्व कितीतरी पटींनी वाढले.

पीकेएक्झेकला ही शक्ती मिळते कुठून, हे आधी सांगायला हवे. युनिक्समध्ये प्रोग्रॅम सामान्यतः तो चालवणाऱ्याच्या अधिकाराने चालतो. पण स्वतःचा पासवर्ड बदलण्यासारख्या साध्या कामालाही अशी फाइल लिहावी लागते, जिला सामान्य वापरकर्ता हात लावू शकत नाही. यावर डेनिस रिची यांनी सेटयूआयडी नावाची सोय काढली. तिच्या पेटंटचा अर्ज १९७३ मध्ये झाला आणि ते १९७९ मध्ये मंजूर झाले. फाइलवर ही एक खूण लावली की, प्रोग्रॅम कोणीही चालवला तरी तो फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. आपल्या व्यवहारातले कुलमुखत्यारपत्र आठवावे : मालक समोर नसतो, पण सही त्याचीच मानली जाते. त्यामुळे असे पत्र ज्याच्या हाती आहे त्याने समोरच्या प्रत्येक कागदाकडे संशयाने पाहिले पाहिजे, कारण कागद पुढे करणारा कोण आहे हे त्याला माहीत नसते. पीकेएक्झेक हा रूटच्या मालकीचा सेटयूआयडी प्रोग्रॅम आहे. पोलकिट या अधिकार-व्यवस्थेला विचारून दुसऱ्याच्या नावाने आज्ञा चालवणे हे त्याचे काम.

आता चुकीकडे येते. प्रोग्रॅम सुरू होताना कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, त्याच्या स्मृतीत दोन याद्या लागोपाठ मांडतो. पहिली आर्ग-व्ही, म्हणजे आज्ञेतील शब्दांची यादी. तिच्यातला पहिला शब्द प्रोग्रॅमचे स्वतःचे नाव असतो. तिच्यामागे रिकामी किंमत असलेली एक जागा, आणि तिला लागूनच दुसरी यादी, एन्व्ह-पी, म्हणजे पर्यावरणातील चलांची, प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या "नाव=किंमत" अशा नोंदींची. आमच्या भागातल्या वाचकाला हे उसाच्या शेताच्या उदाहरणाने लवकर पटेल. दोन शेते शेजारी आहेत, मध्ये बांध नाही, नुसता हद्दीचा एक दगड रोवलेला आहे. पहिल्या शेतातली पहिली सरी प्रोग्रॅमच्या नावाची असल्याने पीकेएक्झेक कामाच्या सऱ्या मोजायला दुसऱ्या सरीपासून सुरुवात करतो. शेतात एक जरी सरी असेल तरी ही मोजणी धोक्याची नाही, कारण पुढच्याच पावलावर दगड लागतो. परंतु लिनक्सच्या कर्नलमध्ये प्रोग्रॅमला एकही शब्द न देता, अगदी त्याचे नावही न देता, सुरू करण्याची मुभा होती. तेव्हा पहिल्या सरीच्या जागीच दगड येतो, आणि दुसऱ्या सरीपासून मोजणारा माणूस दगड न पाहताच शेजाऱ्याच्या शेतात उभा राहतो. आर्ग-व्हीतील दुसरी नोंद म्हणून पीकेएक्झेक जे वाचत होता, ती प्रत्यक्षात पर्यावरणातील पहिली नोंद होती.

नुसते वाचून थांबला असता तर कदाचित काही बिघडले नसते. पण मिळालेला शब्द हे प्रोग्रॅमचे नाव समजून पीकेएक्झेक त्याचा पूर्ण मार्ग शोधतो आणि तो मार्ग त्याच जागी परत लिहून ठेवतो. म्हणजे शेजाऱ्याच्या शेतात उभे राहून त्याने तिथे आपल्या हाताने लावणही केली.

या लिखाणाला धार कशी येते, हा भाग मला त्या रात्री पुन्हा पुन्हा वाचावा लागला. सेटयूआयडी प्रोग्रॅम सुरू होण्याआधी डायनॅमिक लिंकर, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारा सामायिक कोड जोडून देणारा भाग, पर्यावरणाची झडती घेतो आणि एलडी प्रीलोडसारखी धोकादायक चले काढून टाकतो, कारण ती हल्लेखोराने पेरलेली असू शकतात. ही झडती एकदाच, दारात होते. पीकेएक्झेकचे चुकीचे लिखाण त्या झडतीनंतर होते, आणि पर्यावरणातल्या मार्गांची व फोल्डरांची नावे नीट योजली तर लिहिला जाणारा मजकूर हाच एक नवे धोकादायक चल बनतो. क्वालिसने त्यासाठी जीकॉन्व्ह पाथ हे चल निवडले. अक्षरसंच बदलण्याची मॉड्यूले कुठून आणायची, हे त्यावरून जीलिबसीला, म्हणजे लिनक्सवरील प्रोग्रॅम वापरतात त्या मूळ सी लायब्ररीला, कळते. पुढे पीकेएक्झेक पर्यावरणातील इतर किमती तपासतो, एखादी आक्षेपार्ह वाटली की चुकीचा संदेश छापू पाहतो, त्या संदेशाचा अक्षरसंच बदलावा लागतो, आणि ते मॉड्यूल हल्लेखोराच्या फोल्डरमधून, रूटच्या अधिकाराने, उचलले जाते. या साखळीतली प्रत्येक कडी स्वतंत्रपणे पाहिली तर सरळ आहे. संदेश छापणे हे दक्षतेचेच लक्षण, अक्षरसंच बदलणे ही सभ्यता, पूर्ण मार्ग शोधणे ही काळजी.

यात स्मृतीतील पत्त्यांचा अंदाज बांधावा लागत नाही. त्यामुळे पत्ते विस्कटून ठेवण्याची आधुनिक संरक्षणे इथे उपयोगी पडत नाहीत आणि प्रोसेसर कोणताही असला तरी फरक पडत नाही. क्वालिसने हल्ल्याचा कोड दिला नव्हता, पण निवेदन इतके स्पष्ट होते की काही तासांतच इतरांचे कोड फिरू लागले.

मूळ दुरुस्ती मात्र आश्चर्य वाटावे इतकी लहान आहे. मुख्य फंक्शनच्या सुरुवातीला एक अट आली : शब्दांची संख्या १ पेक्षा कमी असेल तर १२७ हा संकेत देऊन तिथल्या तिथे बाहेर पडावे. पुढे, जिथे मार्ग परत लिहिला जातो तिथेही, जागा रिकामी नसेल तरच लिहावे अशी दुसरी अट आली. पोलकिटमधील पीकेचेक या भावंडालाही पहिल्यासारखीच अट मिळाली. दुरुस्ती वाचताना मला समाधानापेक्षा खंत अधिक वाटली, कारण रायन मॅलन या प्रोग्रॅमरने २०१३ मध्येच पीकेएक्झेक शून्य शब्द आल्यास हद्दीबाहेर जातो हे लिहून ठेवले होते. त्यांना त्यातून रूट होण्याचा मार्ग सापडला नव्हता, आणि मार्ग सापडला नाही म्हणून दुरुस्ती नऊ वर्षे राहून गेली. हद्द ओलांडली जाते एवढेच दिसल्यावर ती बंद करायला हवी. ओलांडून नेमके कोण काय करील याचा पुरावा मागत बसू नये, असे मी तेव्हापासून विद्यार्थ्यांना निक्षून सांगते.

ओपनबीएसडी या युनिक्सच्याच कुळातल्या दुसऱ्या प्रणालीचा कर्नल शून्य शब्दांची हाक मुळातच नाकारतो, त्यामुळे तिथे हा हल्ला चालत नव्हता. लिनक्सच्या कर्नलमध्येही त्यानंतर हा प्रश्न धसाला लागला. आधी सूचना आली ती अशी हाक सरळ नाकारण्याची, परंतु काही जुने प्रोग्रॅम नेमके याच पद्धतीने दुसरे प्रोग्रॅम सुरू करत असल्याचे दिसले. तेव्हा कर्नलवर काम करणारे केस कुक यांनी मधला मार्ग काढला : यादी रिकामी आली तर कर्नलने तिच्यात स्वतःच एक रिकामा शब्द घालावा, आणि इशारा नोंदवावा. हा बदल मे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.१८ आवृत्तीत आला. मला ही दुरुस्ती पोलकिटमधल्या दुरुस्तीपेक्षा मोलाची वाटते. पोलकिटने आपले एक शेत राखले. कर्नलने प्रत्येक शेताला निदान एक सरी असेलच याची हमी दिली.

त्या रात्री माझ्या हाती यातले काहीच नव्हते. माझ्याकडे तीन यंत्रे होती : सेंटओएस ७ या लिनक्स वितरणावर चालणारा विद्यार्थ्यांचा मुख्य सर्व्हर, तसाच एक डेटाबेस सर्व्हर, आणि एका जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरच्या परवान्यांसाठी जपून ठेवलेले सेंटओएस ६ चे यंत्र, ज्याचे अधिकृत पॅच, म्हणजे दुरुस्त्या, नोव्हेंबर २०२० मध्येच बंद झाले होते. डाउनलोडच्या सर्व्हरवर दुरुस्त पॅकेज येण्याची वाट न पाहता मी तिन्ही यंत्रांवर सीएचमॉड या परवानग्या बदलण्याच्या आज्ञेने पीकेएक्झेकची सेटयूआयडी खूण काढून टाकली. क्वालिसने तात्पुरता उपाय म्हणून हेच सुचवले होते. खूण गेली की तो प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्याच अधिकाराने चालतो, आणि शेजारच्या शेतात गेला तरी त्याच्या खिशात कुलमुखत्यारपत्र नसते.

आधी खूण काढून मग पॅच बसवण्याला आणखी एक कारण होते, आणि ते सहसा सांगितले जात नाही म्हणून इथे नोंदवते. सेटयूआयडीची खूण फाइलच्या नावावर नसते, ती आयनोडवर, म्हणजे फाइलच्या मूळ नोंदीवर असते. एखाद्याने आधीच त्या फाइलची हार्डलिंक, म्हणजे त्याच नोंदीला दुसरे नाव, करून ठेवली असेल, तर पॅचने आलेली नवी फाइल जुन्या नावाची जागा घेते, पण जुनी सदोष फाइल त्या दुसऱ्या नावाखाली जिवंत राहू शकते. आरपीएम आणि डीपीकेजी ही पॅकेज बसवणारी साधने जुनी फाइल काढण्यापूर्वी तिची ही खूण पुसतात, आणि नव्या कर्नलांत परक्याच्या फाइलची अशी लिंक करण्यावर बंधनही घालता येते; तरीसुद्धा सेंटओएस ६ सारख्या जुन्या यंत्रावर मला खूण स्वतः काढलेली बरी वाटली. आयनोडवरची खूण गेली की त्याची सगळी नावे एकदमच निरुपद्रवी होतात.

सकाळी प्रजासत्ताक दिन होता. चौकाचौकांत जिलेबीच्या कढया लागलेल्या होत्या, आणि मी प्रयोगशाळेतल्या सहायकांना किल्ली घेऊन बोलावले. "मॅडम, आज झेंडावंदन हाय, लॅब तर बंदच हाय की," असे ते म्हणाले खरे, पण माझ्या आधीच येऊन दारात उभे होते. पॅच आलेल्या दोन यंत्रांवर ते बसवले, पॅकेजच्या बदलनोंदीत सीव्हीईचा क्रमांक डोळ्यांनी पाहून खात्री केली, आणि मग लॉग वाचायला बसले. या हल्ल्याच्या एका पद्धतीत शेल (आज्ञा स्वीकारणारा प्रोग्रॅम) या चलाची किंमत मान्य शेलांच्या यादीत सापडली नाही, किंवा एखाद्या चलात संशयास्पद मजकूर आहे, अशी ओळ नोंदवली जाते. आमच्या लॉगमध्ये तशी एकही ओळ नव्हती. मात्र कोणताही माग न ठेवता हा हल्ला करता येतो हेही क्वालिसने स्पष्ट लिहिले होते, त्यामुळे रिकाम्या लॉगवरून मी कोणताही निष्कर्ष काढला नाही.

इथपर्यंत सगळे नीट झाले असे मला चार दिवस वाटत होते. रविवारी, ३० जानेवारीला, मी मुख्य सर्व्हरवरील सेटयूआयडी खूण असलेल्या सर्व फाइलींची यादी काढली. हे काम मी खरे तर पहिल्याच रात्री करायला हवे होते. यादीत पीकेएक्झेक सहा वेळा आला. एक मार्ग पॅचसोबत खुणेसह आलेल्या नव्या फाइलचा होता; उरलेले पाचही बॅकअपच्या डिस्कवरचे होते.

दर रविवारी पहाटे आरसिंक या फाइली नकलण्याच्या साधनाने संपूर्ण यंत्राची प्रत त्या डिस्कवर घेतली जात असे, आणि मागच्या पाच आठवड्यांच्या प्रती तिथे असत. प्रत तंतोतंत असावी म्हणून मालकी आणि परवानग्या जशाच्या तशा जपल्या जात होत्या. त्या जपणुकीत सेटयूआयडीची खूणही आली. विद्यार्थ्यांना चुकून पुसलेल्या फाइली स्वतः परत घेता याव्यात यासाठी ती डिस्क मीच सर्वांना वाचण्यास खुली ठेवली होती. ज्या आठवड्यात फाइल बदललेली नसे त्या आठवड्यात नवी प्रत न करता जुन्या प्रतीलाच हार्डलिंक केली जाई, त्यामुळे ते पाच मार्ग म्हणजे खरे तर दोनच फाइली होत्या : त्याच पहाटेची, पॅच झालेली, निर्धोक, आणि तिच्या आधीच्या चार आठवड्यांची, रूटच्या मालकीची, सदोष, खूण शाबूत असलेली. मूळ फाइलवरची खूण मी २५ तारखेच्या रात्री काढली होती, पण ही वेगळ्या डिस्कवरची, वेगळ्या आयनोडची फाइल होती आणि तिला त्या सीएचमॉडचा स्पर्शही झाला नव्हता. चार दिवस मी पुढच्या दाराचे कुलूप तपासत होते आणि त्याच दाराची जुनी प्रत, उघडी, परड्यात उभी होती.

उपाय एका शब्दाचा होता. डिस्क माउंट करताना, म्हणजे यंत्राला जोडताना, नोसुइड हा पर्याय दिला की तिच्यावरील कोणत्याही फाइलची सेटयूआयडी खूण कर्नल मानत नाही. खूण तशीच राहते, म्हणून बॅकअप खरा राहतो, पण तिचा अधिकार उरत नाही. विद्यार्थ्यांचे होम, तात्पुरत्या फाइलींची जागा आणि बॅकअप या तिन्हींवर मी तो पर्याय लावला. मग विभागप्रमुखांना फोन करून जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. ते थोडा वेळ शांत राहिले आणि म्हणाले, "आता खात्री कशी करायची ते सांगा." खात्री करण्यासाठी त्या यंत्रावरच्याच साधनांवर विसंबता येत नव्हते, कारण कोणी रूट झाला असता तर त्याने तीही बदलली असती. म्हणून सर्व्हर यूएसबीवरून सुरू करून, बाहेरून आणलेल्या साधनांनी प्रत्येक पॅकेजच्या फाइली मूळ नोंदींशी ताडून पाहिल्या. वावगे काही आढळले नाही. तरीही सर्व पासवर्ड बदलायला लावले, एसएसएचच्या किल्ल्या नव्याने केल्या, आणि सत्र संपल्यावर सर्व्हर पुन्हा पहिल्यापासून उभारला.

त्या यादीने मला आणखी एक काम दिले. पीकेएक्झेकशिवाय तिच्यात वीसेक नावे होती आणि प्रत्येकासाठी मी एकच प्रश्न लिहिला : आमच्याकडे हे कोण वापरते? पासवर्ड बदलण्याचा प्रोग्रॅम मुले वापरतात, तो राहिला. सुडो, म्हणजे रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, सर्व्हरचे काम पाहणारे आम्ही दोघे वापरतो. जानेवारी २०२१ मध्ये त्यातही जवळजवळ दहा वर्षे जुनी अशीच एक गंभीर चूक निघाली होती, पण त्याच्याशिवाय चालणार नव्हते, म्हणून तो चालवण्याची परवानगी फक्त आमच्या गटापुरती ठेवली. माउंट, अनमाउंट आणि वापरकर्त्याचे नाव बदलण्याचा प्रोग्रॅम यांची विद्यार्थ्यांना कधीच गरज पडली नव्हती. त्यांच्या खुणा काढल्या आणि कोणाचीही तक्रार आली नाही. पीकेएक्झेक तर आमच्या सर्व्हरवर कोणी एकदाही वापरल्याची नोंद नव्हती. पॅचने परत आलेली त्याची खूणही मी काढून टाकली.

पुढे प्रयोगशाळा उघडल्यावर तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी मी सी भाषेचा एक लहानसा सराव तयार केला. एक प्रोग्रॅम दुसऱ्याला एकही शब्द न देता सुरू करतो, पर्यावरणात मात्र गाव या नावाचे एकच चल ठेवतो, आणि दुसरा प्रोग्रॅम आपल्या शब्दांच्या यादीतील दुसरी नोंद छापतो. काय छापले जाईल, हे मुलांनी आधी कागदावर लिहायचे. बहुतेकांनी "काहीच नाही" असे लिहिले, काहींनी "प्रोग्रॅम कोसळेल" असे लिहिले, आणि सेंटओएस ७ च्या पडद्यावर "गाव=कोल्हापूर" ही अक्षरे उमटली तेव्हा वर्गात चांगलीच कुजबूज झाली. मग मी फळ्यावर दोन शेते आणि मधला दगड काढला.

जून २०२४ अखेर सेंटओएस ७ चेही पॅच थांबले आणि आम्ही मुख्य सर्व्हर डेबियन १२ या दुसऱ्या वितरणावर नेला. त्यात पीकेएक्झेक हे पोलकिटपासून वेगळे काढलेले पॅकेज आहे. ते आम्ही बसवलेच नाही. सराव मात्र तोच ठेवला आहे. आता तो चालवला की छापण्यासारखी दुसरी नोंदच सापडत नाही, आणि कर्नलच्या लॉगमध्ये एक ओळ येते की या प्रोग्रॅमला रिकामी यादी दिली गेली होती, म्हणून तिच्यात एक रिकामा शब्द घातला आहे. मुले ती ओळ शोधून वहीत उतरवून घेतात, आणि मग मी त्यांना जुन्या यंत्राचा पडदा दाखवते.